राजारामपुरीतला इंग्रजीचा क्लास: शिकवणं चोख, जाहिरात फुगवलेली

थोरली सहावीत, मराठी माध्यमाची. राज्यात 2000 सालापासून पहिलीलाच इंग्रजी आहे, तसं तिलाही होतं. मार्क चांगले पडायचे, पण पुण्याची पाहुणी इंग्रजीत काही विचारायला लागली की ही स्वयंपाकघरात पसार. म्हणून कोल्हापुरात राजारामपुरीतल्या या क्लासात घातली.

फी घ्यायच्या आधी मॅडमनी तिची चाचणी घेतली. वाचायला पोहण्याच्या तलावाची सूचना दिली, ती पोरीनं बिनचूक सोडवली. मग गप्पा. रविवारी काय केलंस? तर म्हणाली, "आय गो रंकाळा. आय ईट भेळ." मॅडमनी मध्ये तोडलं नाही, पुढं विचारत राहिल्या. शेवटी कागद हातात दिला: वाचन ए-टू, बोलणं ए-वन. शाळेच्या 78 मार्कांत हा फरक कुठंच दिसत नव्हता.

भाषा किती येते ते मोजायची ही पट्टी म्हणजे युरोप परिषदेनं 2001 मध्ये आणलेली सीईएफआर. ए-वनपासून सी-टूपर्यंत सहा पायऱ्या, आणि प्रत्येकीत मुलाला काय करता येतं ते लिहिलेलं. समोरचा सावकाश बोलला तर स्वतःची ओळख करून देता येते, साध्या प्रश्नाला उत्तर देता येतं, हे ए-वन. माझं उद्यमनगरात लेथचं काम, त्यामुळं हे लगेच पटलं: जॉब, म्हणजे लेथवर केलेला भाग, मापाच्या गेजमध्ये बसतो नाहीतर बसत नाही, 'बरा आहे' असं काही नसतं.

शिकवणं खरंच भारी. बॅचला दहा-बारा मुलं, व्याकरणाची घोकंपट्टी नाही, प्रत्येकाला बोलायलाच लागतं. लेक आता भूतकाळात भेळ खाते.

पण दारावरचा बोर्ड: 'तीन महिन्यांत बी-वन!' म्हणजे थेट तिसरी पायरी. अहो, आठवड्याला तीन दिवस, दीड-दीड तास. तीन महिन्यांत साठ तासही भरत नाहीत. इंग्रजीच्या परीक्षा घेणाऱ्या केंब्रिजचा अंदाज असा की अगदी सुरुवातीपासून बी-वनला साधारण 350 ते 400 तास शिकवणी लागते. काउंटरवर विचारलं तर "सर, ते मार्केटिंगचं आहे" म्हणून हसले. शेवटी मिळणारं सर्टिफिकेटही क्लासचंच, बाहेरच्या परीक्षेचं नव्हे. आधी विचारून घ्या.

ए-वनवरून ए-टूवर न्यायला क्लास उत्तम, आम्ही पुढची बॅचही घेतोय. संध्याकाळी गाडी लावायला मात्र जागा मिळत नाही, पोराला सोडून सरळ पुढं निघा.