काळा घोड्याला एक दिवस: तीन गॅलऱ्या की एकच म्युझियम?

सकाळी ७:१५ ची डेक्कन क्वीन पकडून मुंबई आणि संध्याकाळी ५:१० च्या क्वीनने परत पुणे, असा बेत असेल तर जाऊन-येऊन हातात धड पाचेक तास राहतात. त्यात फोर्टातल्या काळा घोडा भागातली किती ठिकाणं बसवायची यावरून आमच्याकडे दरवेळी वाद. बायको तीनवाली, मी हल्ली एकवाला. दोन्ही करून झालंय म्हणून लिहितोय.

तीनवाल्यांचं म्हणणं चूक नाही हां. जहांगीर आर्ट गॅलरी, तिला लागूनच शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आणि रस्ता ओलांडला की एनजीएमए, म्हणजे नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्ट, टॅक्सीचा प्रश्नच नाही. जहांगीरला तिकीट नाही, प्रदर्शनं सारखी बदलतात आणि बरेचदा चित्रकार स्वतःच खुर्ची टाकून बसलेला असतो, त्यामुळे नाही कळलं तर सरळ विचारायचं. एनजीएमए मला तर वास्तूसाठीच आवडतं, १९११ चा कावसजी जहांगीर हॉल, १९९६ पासून गॅलरी, जिने चढत चढत वर घुमटाखाली. सोमवारी बंद, तेवढं बघा.

पण माझं घोडं अडलं ते बॅगेपाशी. पुण्याहून एका दिवसासाठी जाणारा माणूस म्हणजे सॅक, छत्री, पाण्याची बाटली, डबा. असल्या ठिकाणी सॅक बाहेर ठेवायची, टोकन घ्यायचं, पाकीट-मोबाइल-चष्मा हातात घेऊन फिरायचं, बाहेर येऊन परत सगळं भरायचं आणि पुढच्या दारात पुन्हा तेच. एका परगावच्या ट्रिपला तर (ठिकाणाचं नाव नको, सॅक बाहेर ठेवायचा नियम आहे त्यांचा) मी टोकन खिशात तसंच घेऊन पुढच्या ठिकाणी पोचलो, सॅक मागे राहिली, डबा सॅकमध्ये, आणि वेळ दुपारी दोनची. त्या भुकेत कुठली चित्रं बघितली हे आज विचाराल तर एकही सांगता येणार नाही.

एकाच ठिकाणी राहिलं की ही कटकट एकदाच. वस्तुसंग्रहालय म्हणाल तर तेही अख्खं बघायच्या भानगडीत मी पडत नाही, वास्तुरचनाकार जॉर्ज विटेटची ती १९२२ पासून उघडी असलेली भलीमोठी इमारत, एका दिवसात संपायची नाही. मी दोनच दालनं धरतो, मूर्ती आणि लघुचित्रं. ऐहोळेच्या देवळाच्या छतातली ब्रह्मदेवाची शिळा, म्हणजे मुळात मान वर करून बघायची गोष्ट, इथे समोरून निवांत बघता येते. सिंधमधल्या मीरपूरखासचे मातीचे बुद्ध आहेत. आणि लघुचित्राला दहा मिनिटं दिली ना, की झाडामागचं माकड वगैरे असलं काहीतरी हमखास उशिरा दिसतं.

आता पहिल्यांदाच जात असाल किंवा बरोबर मुलं असतील तर तीन करा बापडे, कंटाळा आला की निदान जागा बदलते. माझा आपला कल सांगितला.

गेल्या खेपेला बायको तिचे तीन करायला गेली आणि मी मूर्तींपाशी थांबलो. तिची पर्स सोडून बाकी सगळं सामान मात्र माझ्याच टोकनावर होतं.