गाडीत कोणाला लावायचं : पु. ल., मिरासदार, ‘वऱ्हाड’ की आजचा स्टँडअप?

पुण्याहून रत्नागिरी. गाडीत पंच्याहत्तरीची मावशी, सतरा वर्षांचा भाचा आणि वाटेत आंबा घाट. गाणी लावली की दोघांपैकी एकाचं डोकं उठणार हे ठरलेलं. मग हसवणारा कोणीतरी लावावा. पण कोण? मी सगळे पर्याय या रस्त्यावर करून पाहिलेत.

पु. ल. देशपांडे हे बिनधोक उत्तर. १९६१ साली ‘बटाट्याची चाळ’ त्यांनी एकट्याने रंगमंचावर उभी केली, तेव्हा स्टँडअप हा शब्द आपल्याकडे कोणाच्या तोंडी नव्हता. गाडीसाठी मात्र ‘म्हैस’च. कोकणातल्या रस्त्यावर एसटीला म्हैस आडवी येते आणि सगळा प्रवास तिथेच खोळंबतो. झंप्या दामले, उस्मानशेट, म्हशीचा मालक धर्मा मांडवकर, प्रत्येकाचा आवाज आणि हेल निराळा. रस्त्यावरची नजर न काढताही माणसं दिसतात. अडचण एकच, मावशीला सगळं पाठ आहे. पु. ल. तोंड उघडायच्या आत ती वाक्य म्हणून मोकळी होते. भाचा पु. लं.पेक्षा तिलाच जास्त हसला, ते सोडा. ‘मुंबईकर, पुणेकर, नागपूरकर’ मात्र लावू नका. फॉरवर्ड होऊन होऊन त्याचा चोथा झालाय.

माझं मत विचाराल तर द. मा. मिरासदार. शंकर पाटील आणि व्यंकटेश माडगूळकरांबरोबर गावोगाव कथाकथन केलेला माणूस. पु. ल. पात्र होऊन बोलतात. मिरासदार नुसती बातमी सांगतात, पारावर बसल्यासारखी, स्वतः न हसता. भोकरवाडीतला नाना चेंगट काहीतरी खुसपट काढतो, गणामास्तर आणि बाबू पैलवान त्यात ओढले जातात, आणि बघता बघता अख्खं गाव कामाला लागतं. मावशीला हे तोंडपाठ नाही, भाच्याला तर कोरंच. दोघं एकाच ठिकाणी हसतात, आणि गाडीत तेवढंच हवं असतं. सुरुवात संथ आहे, तेवढी पाच मिनिटं भाच्याच्या हातून फोन काढून घ्या.

लक्ष्मण देशपांडे यांचं ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ गाडीत नको. वाईट म्हणून नव्हे. मराठवाड्यातलं वऱ्हाड विमानात बसवताना हा एक माणूस बावन्न पात्रं करतो, आणि त्यातली अर्धी मान, खांदे आणि चालण्यातून कळतात. नुसत्या आवाजावर ऐकलं तर कोण बोलतंय याचा पत्ता लागत नाही. रत्नागिरीला पोचल्यावर रात्री टीव्हीवर लावा, घर जमेल.

आता आजचे. २०१६ साली भाडिपा (भारतीय डिजिटल पार्टी) हे यूट्यूब चॅनल सुरू झालं आणि मराठीत माइक धरून एकट्याने उभं राहणं तिकीट काढून बघण्याची गोष्ट झाली. सारंग साठ्ये, मंदार भिडे, ओंकार रेगे हे भाच्याचे लोक. मोठा फरक असा की पु. ल. शेजाऱ्याची गोष्ट सांगतात, आजचा कॉमेडियन स्वतःची सांगतो : माझे आईबाबा, माझा हप्ता, माझं जमलेलं-फिसकटलेलं लग्न. त्यामुळे भाच्याला ते लगेच भिडतं. मावशीला अर्धे शब्द इंग्रजी वाटतात, उरलेल्यांतले काही शिव्या असतात. कोणाचाही नवा व्हिडिओ आधी एकट्याने ऐकून घ्या, मागच्या सीटवरची शांतता फार लांब टिकते. शिवाय समोरच्या रांगेतल्या कोणाच्या तरी शर्टावरून अख्खं सभागृह फुटतं, आणि आपल्याला शर्टच दिसत नाही. याला मित्रांबरोबर थिएटरातच जावं.

तेव्हा कराडपर्यंत मिरासदार, घाटाआधी चहा, मग ‘म्हैस’. आणि सगळं निघायच्या आदल्या रात्री डाउनलोड करा, घाटात रेंज जाते. मागच्या खेपेला ‘म्हैस’ मध्येच अडकली, तेव्हा साखरप्यापर्यंत उरलेली गोष्ट मावशीने सांगितली. थोडी लांबवून.