पाठीवरचा पेट्रोल ब्लोअर: पाल्याला नाद खुळा, गवताला बिनकामाचा

घाईत असाल तर निकाल आधीच सांगते. तुमच्या रानात झाडं असतील, खाली पाला साचत असेल आणि दरवर्षी वणव्याची धास्ती असेल तर हे मशीन, म्हणजे पाठीवर घेऊन नळीतून जोराचा वारा मारायचा ब्लोअर, घ्या. रान म्हणजे नुसता गवताचा डोंगर किंवा सडा (डोंगरमाथ्यावरचं सपाट कातळ) असेल तर घेऊ नका, दुकानदार काहीही सांगू दे. आता ज्यांना सविस्तर वाचायचंय त्यांच्यासाठी.

मी वणव्यावर पीएचडी करतेय, म्हणजे लागलेली आग विझवण्यावर नाही, तर लागायच्या आधी जमीन कशी राखली तर आग लहान राहते आणि आपोआप थांबते यावर. घरात अजून सगळ्यांना वाटतं की मी फायर ब्रिगेडची परीक्षा देतेय, असो. फिल्डवर्क पन्हाळ्याच्या पश्चिमेकडं, लोकांच्या मालकीच्या रानात आणि गायरानात, आणि त्यातलं मुख्य काम म्हणजे जाळरेषा काढणे. जाळरेषा म्हणजे जळण्यासारखं सगळं बाजूला करून माती उघडी केलेला पट्टा, आग तिथवर आली की तिला पुढं खायला काही मिळत नाही. आजवर हे काम दाताळं, खराटा आणि विळा घेऊन माणसं करत आलीत आणि पाठीचा काटा ढिला होतो अक्षरशः. बऱ्याच राज्यांत वनखातं आता ब्लोअर वापरतं, म्हणून म्हटलं आपण पण घेऊन बघू.

घेतला शहरातल्याच एका शेती अवजारांच्या दुकानातून. ऊसवाल्यांची गर्दी, सगळे पॉवर वीडर नाहीतर फवारणी पंप बघायला आलेले, त्यात मी ब्लोअर मागितला तर मालक म्हणतात, "ताई, हे डांबरीवाले कॉन्ट्रॅक्टर नेतात, रस्त्यावरची धूळ उडवायला. तुमचं काय काम?" खरंच आहे, डांबर टाकायच्या आधी खडी साफ करायला हेच मशीन असतं. माल चायना, नाव कुणाचंच नाही, १४,५०० ला पडला. नावाजलेल्या कंपनीचा याच्या तिप्पट सांगत होते, तो माझ्या फेलोशिपच्या आवाक्यातला नव्हता. बिल मागितल्यावर चेहरा पडला पण दिलं.

मशीन टू-स्ट्रोक आहे, म्हणजे पेट्रोलमधे टू-टी ऑइल मिसळून घालायचं, प्रमाण मशीनच्या पुस्तकात असतं ते बघा, पंपावरच्या पोराला विचारू नका. भरलेली टाकी धरून वजन दहा किलोच्या पुढं जातं. पट्टे सहा फुटी माणसासाठी शिवलेत, माझ्या खांद्यावरून सारखे घसरतात आणि कंबरपट्टा तर दिलेलाच नाही, त्यामुळं सगळं वजन खांद्यावर. मी जुन्या ट्रेकिंग सॅकचा कंबरपट्टा काढून चांभाराकडून शिवून घेतला, आता बरं आहे. आवाज इतका की कानाला मफ लावल्याशिवाय चालू करायचा नाही, आणि शेजारी कुणी "थांब" म्हणून ओरडलं तरी ऐकू येत नाही, म्हणून आम्ही हाताच्या खुणा ठरवल्यात.

आता काम. ऐन, किंजळ, नाणा असली पानगळीची झाडं आहेत तिथं, आणि जिथं ऑस्ट्रेलियन बाभळीची जुनी लागवड आहे तिथं, हे मशीन म्हणजे जाळ आणि धूर संगटच. त्या बाभळीचा पाला लवकर कुजत नाही, थरावर थर साचतो, वरचा थर जानेवारीपासूनच कडकडीत वाळलेला, पाय टाकला की पापडासारखा मोडतो. नळी जमिनीला जवळजवळ टेकवून, थोडी तिरकी धरून चालत राहायचं, समोरचा पाला लाटेसारखा उठून बाजूला जातो आणि मागं तांबडी माती उघडी पडते. मागं एक माणूस दाताळं घेऊन पाहिजेच, कारण काटक्या, मुळ्या, दगडात अडकलेला पाला वाऱ्यानं निघत नाही. तरी चार माणसांचं अख्ख्या दिवसाचं काम दोघांत दुपारच्या जेवणाआधी उरकतं.

आणि खरा फायदा दुसऱ्या फेरीला कळतो. पानगळ काय एका दिवसात होत नाही, जानेवारीत काढलेली रेषा फेब्रुवारी-मार्चमधे परत पाल्यानं भरते, आणि हातानं काढणारी माणसं दुसऱ्यांदा यायला तयार नसतात (मी पण आले नसते). ब्लोअर घेऊन तीच रेषा नुसती चालत चालत साफ होते.

एक गोष्ट सांभाळा, पाला रेषेच्या कडेलाच बांधासारखा साठू द्यायचा नाही. तिथं आग पोचली की ढिगामुळं जाळ उंच होतो आणि ठिणगी पट्टा ओलांडून पलीकडं जाते, मग सगळी मेहनत पाण्यात. लांबवर पातळ पसरून उडवा.

रेषा कुठं काढायची हे मशीन सांगत नाही, आणि माझ्या मते तेच जास्त महत्त्वाचं आहे. आग चढावर पळते, मोघम हिशोब असा की चढ १० अंशांनी वाढला की वेग साधारण दुप्पट. म्हणजे चढाच्या मधोमध रेषा काढली तर खालून येणारी आग तिथं सगळ्यात जोरात असते. रेषा डोंगराच्या माथ्यावरच्या धारेवर पाहिजे, नाहीतर धार ओलांडून थोडी पलीकडच्या उताराला, जिथं आगीचा जोर मोडलेला असतो. शक्यतो आधीची पायवाट, गुरांची वाट, बैलगाडीचा रस्ता धरा. नवीन ठिकाणी उभ्या उतारावर माती उघडी केली तर आपल्याकडचा जूनचा पाऊस ती थेट ओढ्यात नेऊन टाकेल.

गवताचं मात्र वाटोळं. सड्यावर घेऊन गेलो तेव्हा गावातले एक मामा बिडी विझवून (विझवली का ते मी दोनदा बघितलं) म्हणाले, "आवो ताई, गवात काय वाऱ्यानं उपटतंय व्हय? आन् आग लागल्यावर ह्ये चालू केलासा तर फुंकणीच की!" दोन्ही मुद्दे बरोबर. उभं गवत मुळाशी घट्ट असतं, ब्लोअर त्याचा नुसता भांग पाडतो. तिथं ब्रश कटर पाहिजे, आणि तोही नायलॉन दोरीचा, कारण लोखंडी पातं दगडाला घासलं की ठिणगी उडते. कापलेलं गवत तिथंच ठेवलं तर ते वाळून अजून सोपं जळण होतं, ते गोळा करून गोठ्यात न्या. आणि सड्यावरची माती बोटभर सुद्धा नसते, त्याच मातीत पावसाळ्यातल्या फुलांचं बी असतं, ती ब्लोअरनं उडवणं म्हणजे गाढवपणा. सडा त्याच्या कडेनं राखायचा, मधून चिरायचा नाही.

फुंकणीचं म्हणाल तर लागलेल्या आगीवर ब्लोअर वापरणारी ट्रेनिंग घेतलेली टीम असते, ते जळलेल्या बाजूला उभं राहून... नाही, हे मी इथं शिकवणार नाही, कुणीतरी करून बघेल. घरगुती माणसानं आग लागल्यावर हे मशीन बंद करून लांब जायचं आणि वनखात्याला फोन करायचा. २०१८ च्या मार्चमधे तामिळनाडूत कुरंगणीला ट्रेकिंगला गेलेली माणसं गवताच्या आगीत जीवानिशी गेली, त्यामुळं "गवताचीच तर आग" असं कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतं.

बऱ्याच गावांत अजून म्हणतात की डोंगर जाळला की पुढच्या साली गवत चांगलं येतं. कोवळा फुटवा लवकर दिसतो हे खरंय, म्हणून तर तो समज टिकलाय, पण दरवर्षी जाळत राहिलं की झाडांची रोपं वर येतच नाहीत आणि उरतं फक्त आग सोसणारं गवत, म्हणजे पुढच्या वर्षीचं जळण. राखीव जंगलात आग लावणं तर १९२७ च्या भारतीय वन कायद्याच्या कलम २६ नुसार गुन्हाच आहे. आणि हो, उपग्रहावरून दिसतं सगळं. फॉरेस्ट सर्व्हे ऑफ इंडिया २००४ पासून उपग्रहानं आगी टिपतंय, आताच्या सेन्सरचा एक ठिपका ३७५ मीटरचा. गंमत म्हणजे आपल्या जिल्ह्यात त्या ठिपक्यांत कुठला वणवा आणि कुठलं उसाचं पाचट हे निवडण्यातच माझा अर्धा थिसिस चाललाय.

मशीनच्या तक्रारी. सायलेन्सरच्या तोंडाला ठिणगी अडवणारी बारीक जाळी असायला पाहिजे, माझ्यात नव्हती! वणवा रोखायला घेतलेलं मशीन आणि त्यातूनच ठिणगी, काय बोलायचं. दुकानात विचारलं तर म्हणे "तसलं काय येत नाही यात". शेवटी गाडीच्या मेकॅनिककडून बसवून घेतली, त्यानंच कार्बोरेटरचा डायफ्रॅम पण मिळवून दिला, दुकानदार नुसता "पुढच्या आठवड्यात येतोय" करत होता. घेताना जाळी दाखवा म्हणा, नसेल तर दुसरीकडं जा. पेट्रोल भरताना मशीन गार होऊ द्या आणि उघड्या मातीवर ठेवूनच भरा, पाल्यावर कधीच नाही.

एकट्यानं घेण्यापेक्षा वाडीनं मिळून एक घेतला तर परवडतो, कारण वर्षात वापर जानेवारी ते मे एवढाच, बाकी दिवस टाकी रिकामी करून ठेवायचा, नाहीतर पेट्रोल सुकून कार्बोरेटर चोक होतो. बॅटरीवरचे पण आलेत, हलके आहेत, आवाज कमी, पण डोंगरावर चार्जिंग कुठं करणार, अंगणासाठी ठीक.

पाचपैकी साडेतीन. एक पट्ट्यांसाठी कापला आणि अर्धा त्या जाळीसाठी.