आठ महिने 'आर' वापरल्यावर: आधार-पातळी आधी बघा

प्रबंधाचा सारांश (सिनॉप्सिस) द्यायला तीन दिवस उरले असताना माझ्या विकतच्या संख्याशास्त्रीय सॉफ्टवेअरचा परवाना संपला. विक्रेत्याला फोन केला तर पुढच्या वर्षाचे पैसे भरा, एवढंच उत्तर. खानापूरहून रोज बसने बेळगावला येणारी, फेलोशिप नसलेली मी, कुठून भरणार? त्याच रात्री 'आर' हे संख्याशास्त्राचं सॉफ्टवेअर डाऊनलोड केलं. न्यूझीलंडमधल्या ऑकलंड विद्यापीठातल्या इहाका आणि जेंटलमन यांनी सुरू केलेलं, पूर्ण फुकट. चार जीबीच्या जुन्या लॅपटॉपवर विनातक्रार चालतं.

माझा प्रयोग शब्द-निर्णयाचा. पडद्यावर अक्षरं येतात, खरा शब्द की बनावट ते बटण दाबून सांगायचं, वेळ मिलिसेकंदांत मोजायचा. मुलं कॉलेजची, मराठी आणि कन्नड दोन्ही वाचणारी. निम्मे शब्द दोन्ही भाषांत जवळपास सारखे (तूप-तुप्प, अण्णा, अक्का), उरलेले एकेका भाषेचेच.

पूर्वी मी प्रत्येक मुलाची सरासरी काढून अनोव्हा (गटांच्या सरासऱ्यांची तुलना करणारी चाचणी) लावायचे. आता 'आर'च्या एलएमई४ या जोड-पॅकेजमध्ये प्रत्येक नोंद जशीच्या तशी जाते, आणि मूल व शब्द दोन्ही रँडम, म्हणजे मोठ्या समूहातून आलेला नमुना, धरता येतात. शब्दही नमुनाच असतात, हे भाषा-मानसशास्त्रज्ञ क्लार्कने १९७३ सालीच सांगितलं होतं. मला ते पटलं 'अडकित्ता'वर. सारख्या शब्दांच्या यादीत मी तो हौसेने घातला, आणि मुलं तिथेच थबकायची. घरात सुपारी कातरणारं कुणी उरलं नाही, तर ती तो शब्द पाहणार कुठे? सरासरीत तो अख्ख्या गटाला मागे ओढायचा. शब्दाला स्वतःचा इंटरसेप्ट (स्वतःची मूळ वेळ) दिला की संथपणा बराचसा त्याच्याच नावावर पडतो, आणि गटांमधल्या फरकाची प्रमाण त्रुटी (अंदाजातली अनिश्चितता) खरी दिसू लागते.

आता मुख्य तक्रार. 'आर' घटकाच्या पातळ्या (म्हणजे त्यातले गट, जसे भाषेत कन्नड आणि मराठी) वर्णानुक्रमाने लावतं आणि पहिलीला आधार धरतं, म्हणजे दुसरीची तुलना तिच्याशी करतं. माझी नावं रोमनमध्ये होती: कन्नडचा के मराठीच्या एमआधी, 'समान'चा एस 'वेगळे'च्या व्हीआधी. म्हणजे आधार झाला कन्नडमधले समान शब्द. मॉडेलमध्ये भाषा आणि शब्दप्रकार यांची आंतरक्रिया (एकाचा परिणाम दुसऱ्यानुसार बदलणं) असताना 'भाषा' या ओळीतला आकडा फक्त समान शब्दांमधला फरक सांगतो. मी दीड महिना तो सगळ्या शब्दांचा म्हणून मसुद्यात लिहीत होते. लाल अक्षरातली सूचना येत नाही, काही नाही. गाईड मॅडमनी विचारलं, "अगं, हा फरक नक्की कुठल्या शब्दांचा?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या रात्री मला झोप लागली नाही.

उपाय दोन ओळींचा. भाषा आणि शब्दप्रकार, दोन्हींच्या दोन-दोन पातळ्यांना उणे अर्धा आणि अधिक अर्धा असे आकडे द्यायचे. मग भाषेची ओळ दोन्ही शब्दप्रकारांवरचा सरासरी फरक देते, आंतरक्रियेचा आकडा तोच राहतो. अधिक एक, उणे एक घेतलं तर मात्र भाषेचा आकडा निम्मा दिसतो, तेही ध्यानात ठेवा.

इथे माझं एक मत बदललं. जुन्या सॉफ्टवेअरचा अनोव्हाचा तक्ता मुख्य परिणाम (एका घटकाचा एकूण परिणाम) सरासरीवरच द्यायचा. ते टाकाऊ आहे असं मी मैत्रिणींना सांगितलं होतं, ते चुकलं. दरवर्षीच्या पैशांचा राग मात्र कायम आहे.

तरी 'आर' सोडणार नाही. पुढच्या फेरीच्या स्क्रिप्टमध्ये आधार-पातळीची ओळ सगळ्यात वर लिहून ठेवली आहे. 'अडकित्ता' यादीत तसाच ठेवला. आकडे बघून शब्द काढणं मला पटत नाही.