सजवलेली वेबसाइट की साधी? दोन्ही चालवून पाहिल्यावर

आंजर्ल्याला माझ्या मामेभावाकडे पर्यटकांची घरगुती राहण्या-जेवणाची सोय आहे. तिची वेबसाइट मी दोनदा बांधली. पहिली अॅनिमेशनने भरलेली: उघडताच पडदाभर समुद्राचा व्हिडिओ, बोट सरकवलं की मजकूर खालून तरंगत वर येणार. दुसरी साधी: एक मोठा फोटो, दर, जेवणाचा बेत, फोन नंबर.

पहिली देखणी होती, हे आजही म्हणेन. घरच्या वायफायवर, लॅपटॉपवर पाहणारे तिचं कौतुक करायचे. तुम्ही छायाचित्रकार किंवा वास्तुरचनाकार असाल, तर कदाचित तुम्हाला तीच शोभेल.

माझं मन उठलं ते दरांच्या तक्त्यापाशी. खोली शोधणारा माणूस आधी दर बघतो. तो भराभर खाली जायचा आणि समोर कोरा पांढरा पडदा. मजकूर तिथेच असायचा, पण स्क्रिप्ट, म्हणजे हालचाल घडवणारा कोड, येऊन त्याला दाखवेपर्यंत अदृश्य. भावाला फोन यायचे, "दादा, दर कुठे लिहिलेत?" एकदा मीच एसटीतून जाताना पान उघडलं. रेंज जेमतेम एक काडी. तक्ता उमटेपर्यंत गाडी पुढच्या थांब्याला पोचली होती. शिवाय दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा येणाऱ्यालाही तोच सोहळा पुन्हा बघावा लागायचा.

गूगलच्या शोधात वर दिसण्याचं गणितही इथेच येतं. पान उघडताच पडद्यावर येणारा सर्वांत मोठा घटक (फोटो किंवा मजकूर) 2.5 सेकंदांत दिसावा, ही त्यांची अपेक्षा. या वेळेलाच एलसीपी (लार्जेस्ट कंटेंटफुल पेंट) म्हणतात. पूर्ण पारदर्शक ठेवलेला मजकूर त्यात धरलाच जात नाही, म्हणजे हळूच उमटणारं शीर्षक स्वतःच आकडा बिघडवू शकतं. आणि मोजणी होते ती खऱ्या क्रोम वापरणाऱ्यांच्या भेटींवरून, आपल्या लॅपटॉपवरून नाही. नुसत्या वेगाने कुणी पहिल्या क्रमांकावर जात नाही, मजकुराचं वजन जास्तच. पण बोट सरकवल्यावरच सर्व्हरवरून मागवला जाणारा मजकूर गूगलबॉटला, म्हणजे गूगलसाठी पानं वाचणाऱ्या प्रोग्रामला, दिसेलच असं नाही, कारण तो माणसासारखं पान सरकवत नाही. माझा मजकूर एचटीएमएलमध्येच, म्हणजे पानाबरोबर आधीच येणाऱ्या मूळ कोडमध्येच होता, म्हणून तेवढं निभावलं.

आणखी एक. माझ्या मावशीला सरकत्या फोटोंनी गरगरायचं. फोनमध्ये हालचाल कमी करण्याची सोय असते आणि वेबसाइटला ती सीएसएसमधून (पानाचं रूप ठरवणाऱ्या कोडमधून) ओळखता येते. पहिल्या वेबसाइटमध्ये मी ते केलं नव्हतं, याचं मला वाईट वाटतं.

साध्या वेबसाइटवर गेल्यापासून दरांबद्दलचे ते फोन जवळजवळ थांबले. हे मोजमाप नव्हे, भावाच्या तोंडचं सांगतोय. अॅनिमेशन तिच्यातही आहे: फोटोवर बोट ठेवलं की तो किंचित मोठा होतो. त्यासाठी सीएसएसमधलं फक्त ट्रान्सफॉर्म (घटकाचा आकार किंवा जागा बदलून दाखवणारी सोय) वापरलंय, त्यामुळे बाकीचं पान जागचं हलत नाही. तुम्हाला सजावट हवीच असेल तर जरूर करा, फक्त शीर्षक, दर आणि फोन नंबर तिच्यापासून लांब ठेवा.