ध्यानासाठी टॅरोचा कोणता डेक? माझं मत रायडर-वेट-स्मिथला

टॅरो म्हणजे भविष्य बघायला वापरतात तो चित्रांच्या पत्त्यांचा डेक, म्हणजे संच. तो खरंच भविष्य सांगतो की नाही, या वादात मला रस नाही. मी नाटकांचं नेपथ्य करते आणि हे पत्ते ध्यानाला बसताना वापरते. त्यामुळे हा अभिप्राय एवढ्यापुरताच: डोळे मिटल्यावर या डेकमधलं चित्र मनात उभं राहतं का, आणि त्यात शिरता येतं का. रायडर-वेट-स्मिथच्या बाबतीत दोन्हीला उत्तर हो.

हा डेक 1909 साली लंडनमध्ये निघाला. आखणी आर्थर एडवर्ड वेट यांची, चित्रं पामेला कोलमन स्मिथ यांची. पुढे कितीतरी वर्षं तो प्रकाशक रायडर आणि वेट या दोन नावांवरच खपला. चित्रं काढणारीचं नाव अलीकडे जोडलं जाऊ लागलं. (आमच्या धंद्यात हे नेहमीचंच.) स्मिथबाई नाटकाच्या माणूस. लायसियम थिएटरच्या मंडळींबरोबर त्यांनी काम केलं होतं, छोट्या खेळण्यातल्या रंगमंचावर त्या प्रयोगही करत. पत्त्यांत ते जागोजागी दिसतं. सेव्हन ऑफ स्वोर्ड्स, म्हणजे तलवारींची सत्ती, घ्या. पुढे सपाट पिवळी जमीन, तलवारी कवटाळून चवड्यांवर सटकणारा माणूस, तंबू पार मागे. टू ऑफ पेंटॅकल्समध्ये (पेंटॅकल म्हणजे चांदणीचं नाणं) पुढची जमीन एका सरळ रेघेत संपते आणि तिच्यामागे समुद्र हेलकावतो; म्हणजे चक्क रंगमंचाची फळी आणि मागचा पडदा. पात्र कुठे उभं आहे, पुढे काय, मागे काय, सगळं ठरलेलं. मनात पाऊल टाकायला अशी जमीन लागते.

इतर डेकांत नेमकी तीच मिळत नाही. मार्सेय पद्धतीच्या जुन्या फ्रेंच डेकमध्ये एट ऑफ कप्स म्हणजे ओळीने मांडलेले आठ प्याले, बस. इथे त्याच पत्त्यावर लाल झग्यातला माणूस काठी टेकत, प्याल्यांकडे पाठ करून डोंगराकडे निघालाय आणि वरच्या रांगेत एका प्याल्याची जागा मोकळी आहे. तेवढ्या खिंडारावर माझी एक अख्खी बैठक गेली आहे. अ‍ॅलिस्टर क्रोली या इंग्रज गूढविद्यावाल्यासाठी लेडी फ्रीडा हॅरिस यांनी रंगवलेला थॉथ डेक कलाकृती म्हणून फार वरचा; पण डोळे मिटले की त्यातले कोन आणि किरण एकमेकांत विरघळतात. टेकू सापडत नाही.

माझी रीत अशी. पत्ता डोळ्यांच्या उंचीवर, हातभर अंतरावर टेकवून ठेवायचा. श्वास शांत झाला की नजर पुढून मागे न्यायची: आधी जमीन, मग माणूस, मग आकाश. डोळे मिटून तेच चित्र त्याच क्रमाने उभारायचं. मग उघडून ताळा करायचा. सिक्स ऑफ स्वोर्ड्समध्ये होडीच्या एका बाजूला पाण्यावर लहरी आहेत, दुसरीकडे पाणी सपाट, हे पुस्तकाने नव्हे, या ताळ्याने मला दाखवलं. त्यानंतर चौकट दाराएवढी मोठी करून आत जायचं आणि येताना त्याच दाराने परत यायचं. अर्थाचं पुस्तक शेवटी. आधी वहीत आपलं जे असेल ते.

दाराची ही युक्ती माझी नाही. वेट आणि स्मिथ ज्या गोल्डन डॉन या गूढविद्येच्या मंडळाचे सभासद होते, तिथे पिवळा चौकोन म्हणजे पृथ्वी, रुपेरी चंद्रकोर म्हणजे आप, लाल त्रिकोण म्हणजे तेज अशी तत्त्वांची चिन्हं टक लावून बघत आणि मनात त्यांचं दार करत. त्राटक केलेल्यांना हे लगेच जमेल.

आता तक्रारी. पत्त्याखाली छापलेलं नाव ध्यानात फार आड येतं. ‘डेथ’ वाचलं की मन चित्र सोडून शब्दाला चिकटतं, आणि मग मागे दोन मनोऱ्यांमधून डोकावणारा सूर्य कुणाला दिसतो! मी खाली कागदाची पट्टी लावते. माझ्या एका प्रतीला इतकी चकाकी आहे की दिव्यासमोर ठेवली की सगळा पत्ता पांढरा पडतो. छपाईगणिक रंगही बदलतात; भडक पिवळा टक लावून बघवत नाही. 2009 साली शताब्दीनिमित्त निघालेल्या आवृत्तीतले मवाळ रंग या कामाला उत्तम.

काहींना मिटल्या डोळ्यांपुढे चित्र दिसतच नाही. याला 2015 पासून अफँटेझिया म्हणतात. त्यांनी हा डेक नाकारायचं कारण नाही: पत्ता समोर ठेवून, आत उभं असल्यासारखं मोठ्याने वर्णन करत जावं. चित्रात घडणारं एवढं आहे की बोलणं अडत नाही.

सुरुवात एस ऑफ पेंटॅकल्सने करा. बाग आहे, कुंपणाला कमान आहे, दार मनाने बनवावं लागत नाही. नाइन ऑफ स्वोर्ड्स (अंथरुणात तोंड झाकून बसलेलं माणूस) आणि टेन ऑफ स्वोर्ड्स (पाठीत दहा तलवारी खुपसलेला माणूस) झोपेच्या आधी नकोतच. मन आधीच पोखरलेलं असेल तर दिवसाही नकोत. आणि खिशात मावणारी छोटी आवृत्ती घेऊ नका. भविष्य बघायला ती चालेल, पण नजरेला मागेपर्यंत जायला तिथे जागाच उरत नाही.