वागळे इस्टेटमधल्या ऑफिसात ओपनप्रोजेक्ट: बसवा, पण रॅम पुरेशी ठेवा

आम्ही ठाण्यात कंट्रोल पॅनल बनवतो. ड्रॉइंग मंजूर झालं का, बसबार (पॅनलमधली वीज वाहणारी धातूची पट्टी) आला का, टेस्टिंग कधी, हे सगळं व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये वाहून जायचं. आता ऑफिसातल्याच उबुंटू सर्व्हरवर ओपनप्रोजेक्ट या कामांचं नियोजन करणाऱ्या सॉफ्टवेअरची मोफत कम्युनिटी आवृत्ती चालते आणि मी तिच्यावर मनापासून खूश आहे. गिऱ्हाइकांची ड्रॉइंग्ज आपल्याच मशीनवर राहतात, हे माझ्यासाठी सगळ्यात मोठं.

डॉकरचाही (सॉफ्टवेअर बंदिस्त डब्यात चालवायची पद्धत) पर्याय आहे, मी उबुंटूवर थेट बसणारं डेब पॅकेज घेतलं. रिपॉझिटरी (पॅकेज जिथून मिळतं तो साठा) जोडायची, अ‍ॅप्ट या उबुंटूच्या कमांडने पॅकेज उतरवायचं आणि ‘ओपनप्रोजेक्ट कॉन्फिगर’ कमांड द्यायची. ती एकेक प्रश्न विचारत पोस्टग्रेस (डेटाबेस), अपाची (वेब सर्व्हर), एसएसएल (सुरक्षित जोडणी) लावून देते. ओपनप्रोजेक्ट मुळात रेडमाइन या अशाच जुन्या सॉफ्टवेअरच्या कुळातलं, पण इथे रुबी या प्रोग्रॅमिंग भाषेच्या आवृत्त्या हाताने जुळवत बसावं लागत नाही. किमान ४ जीबी रॅम सांगितली आहे, तिथे काटकसर नकोच. एसएमटीपी (मेल पाठवणाऱ्या सर्व्हरची माहिती) नीट भरा, नाहीतर कुणाला मेल जाणार नाही. बॅकअपलाही तयार कमांड आहे. मात्र त्या फाइल्स त्याच सर्व्हरवर पडतात, दुसऱ्या डिस्कवर उचलून ठेवायचं काम आपलं.

खरी मजा गँट चार्टची, म्हणजे कामं तारखांवर आडव्या पट्ट्यांनी दाखवणाऱ्या तक्त्याची. एन्क्लोजर (पॅनलची पेटी) उशिरा येणार म्हटलं की त्यावर अवलंबून असलेल्या वायरिंग आणि टेस्टिंगच्या तारखा आपोआप सरकतात. वर्कशॉपमधले काकाही आता सकाळी आधी तोच पडदा बघतात. काही सोयी सशुल्क आवृत्तीतच आहेत, आमचं त्यांच्यावाचून अडलेलं नाही.